स्टार वॉर्स ठाण्यात सापडतं, पण पडद्यामागे

प्रश्न ऐरोलीच्या एका वडिलांचा आहे. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा शाळेतल्या मित्राकडून ‘स्टार वॉर्स’चं वेड घेऊन आलाय. त्यांनी स्वतः या मालिकेतला एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही, त्यांच्या ऑफिसातही फारसा कुणी पाहिलेला नाही. ‘या सिनेमाने जग बदललं’ असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं, ते अमेरिकनांनी स्वतःचंच केलेलं कौतुक समजायचं का? आपल्याकडे त्याने काय बदललं? आणि मुलाला कुठला भाग आधी दाखवायचा?

मी सिनेमाच्या आवाजाचं काम करतो. फॉली (पावलं, कपडे यांचे आवाज स्टुडिओत पुन्हा करणं), इफेक्ट्स, ॲम्बियन्स (जागेचा आजूबाजूचा आवाज) आणि शेवटी मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणं. राहायला ठाण्यात, कामाला अंधेरी-गोरेगाव. त्यामुळे माझं उत्तर बरंचसं कानातून येईल, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. दिग्दर्शक जॉर्ज लुकासने रचलेली, अंतराळातल्या स्कायवॉकर घराण्याची गोष्ट आपल्याकडे रुजली नाही. पण ती गोष्ट सांगण्यासाठी जी अवजारं घडवावी लागली, ती आली, राहिली, आणि आज ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी घरं त्यांच्यावर चालतात. हा सगळा प्रभाव गोष्टीत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आधी गोष्टीचं बघू. पहिला सिनेमा अमेरिकेत 25 मे 1977 रोजी लागला, तोही फक्त 32 थिएटरांत. म्हणजे आज आपण ज्याला ब्लॉकबस्टर रिलीज म्हणतो तसं काही नव्हतं. देशभर एकदम शेकडो पडद्यांवर सिनेमा लावायची युक्ती दोन वर्षं आधी ‘जॉज’ने करून दाखवली होती. ‘स्टार वॉर्स’ वाढला तो लोकांनी पुन्हापुन्हा पाहिल्यामुळे. त्यानंतर 1980 आणि 1983 साली पुढचे भाग, 1999 पासून मागची कथा, 2015 पासून पुढची. मधल्या काळात पहिला भाग पाहिलेली मुलं आईबाप झाली आणि आपल्या मुलांना घेऊन गेली. तिथे ही मालिका घरातून मिळते. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 3 लाख 90 हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’, म्हणजे या सिनेमातल्या योद्ध्यांचा पंथ, लिहिलं होतं. बहुतेकांनी चेष्टेत, पण एवढ्या लोकांना एकच चेष्टा सुचते यातच काय ते आलं. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 1983 साली क्षेपणास्त्रविरोधी योजना जाहीर केली तेव्हा विरोधकांनी तिला ‘स्टार वॉर्स’ म्हणूनच हिणवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

आपल्याकडे ही घरातून मिळण्याची साखळी कधी तयारच झाली नाही. 1999 चा भाग लागला तेव्हा ठाण्यातल्या प्रेक्षकाची अवस्था पूर्वरंग चुकवून थेट उत्तररंगाला येऊन बसलेल्या माणसासारखी होती. बुवा काय बोलतायत ते कळतं, पण बाकीचे टाळ्या का वाजवतायत ते कळत नाही. शिवाय दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवायचे, त्यामुळे माझ्या पिढीतले निम्मे लोक आजही दोन्हींची गल्लत करतात. टोकदार कानांचा माणूस ‘स्टार वॉर्स’मध्ये नाही, हे मला अजून समजावून सांगावं लागतं.

आणि खरं सांगायचं तर गोष्टीची उणीवही नव्हती. तेज सोडणारी शस्त्रं, वनात राहणारा गुरू, आपल्याच रक्ताच्या माणसावर शस्त्र उचलण्याचा पेच, मोहात पडून बिघडलेला योद्धा, हे सगळं 1987 पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर फुकट दिसत होतं, तेही आपल्या आजीला कळेल अशा भाषेत. अमेरिकेत पुराणाची जागा मोकळी होती, तिथे लुकासचा सिनेमा जाऊन बसला. आपल्या घरात ती जागा भरलेली होती.

याचा पुरावा हवा असेल तर 2015 चा डिसेंबर आठवा. दहा वर्षांनी मालिका परत येत होती. अमेरिकेत 18 डिसेंबरला सिनेमा लागला. भारतात त्याच शुक्रवारी ‘दिलवाले’ आणि ‘बाजीराव मस्तानी’ होते, म्हणून इथे तो 25 डिसेंबरला आणला. त्या मधल्या आठवड्यात ठाण्याच्या मॉलबाहेर कुणी घोषणा दिल्याचं मला आठवत नाही. उलट 2019 साली मार्व्हलची मोठी मालिका संपली तेव्हा भल्या पहाटेच्या शोला पोरं रांगेत होती. ती पोरं ‘आयर्न मॅन’पासून दहा वर्षं, बरीचशी हिंदी डबिंगमध्ये आणि टीव्हीवर, त्या गोष्टीत वाढली होती.

दुसरा पुरावा आपल्या गणपतीतला. 2023 मध्ये 23 ऑगस्टला चांद्रयान-3 उतरलं आणि 19 सप्टेंबरला गणपती आले. मधल्या चार आठवड्यांत मंडळांनी पुठ्ठ्याचं विक्रम लँडर, चंद्राचे खड्डे, इस्रोची कंट्रोल रूम असं काय काय उभं केलं. अंतराळ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे श्रीहरिकोटा येतं. याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

आता अवजारांकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

1977 च्या आधी अंतराळाचा सिनेमा म्हटला की आवाज इलेक्ट्रॉनिक असायचा. थरथरता, शिट्टीसारखा, ‘हे भविष्य आहे बरं का’ असं ओरडून सांगणारा. लुकासला उलट हवं होतं. त्याच्या सिनेमातली यानं डागाळलेली, पोचे पडलेली, वापरून झिजलेली दिसतात. आवाजही तसेच वापरलेले हवेत, खऱ्या जगातून उचललेले. त्यासाठी त्याने बेन बर्ट नावाच्या, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलाला टेपरेकॉर्डर घेऊन बाहेर पाठवलं.

प्रकाशाच्या तलवारीचा आवाज घ्या. बर्ट ज्या विद्यापीठात शिकला तिथे तो सिनेमाचे प्रोजेक्टरही चालवायचा. जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरी नुसत्या चालू ठेवल्या की एक गुणगुण यायची. ज्यांनी जुन्या टॉकीजमध्ये शेवटच्या रांगेत बसून सिनेमा पाहिलाय त्यांना ही घरघर माहीत असेल. ती त्याने टिपली. मग एकदा माइकची केबल खराब असताना तो टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळून गेला आणि माइकमध्ये एक वेगळीच खरखर शिरली. दोन्ही एकत्र केल्यावर तलवार स्थिर धरल्याचा आवाज झाला. फिरवल्याचा कसा करायचा? त्याने हा आवाज स्पीकरवर लावला आणि दुसरा माइक हातात धरून स्पीकरसमोरून तलवारीसारखा फिरवला. माइक जवळ येताना स्वर चढतो, लांब जाताना उतरतो. जवळून हॉर्न वाजवत जाणाऱ्या फास्ट लोकलचं तत्त्व तेच. ‘टाय फायटर’ नावाच्या विमानांची किंकाळी म्हणजे हत्तीचा आवाज आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार. काळ्या मुखवट्यातल्या खलनायकाचा श्वास म्हणजे पाणबुड्याच्या नळीतून घेतलेला श्वास. छोट्या यंत्रमानवाची बडबड अर्धी सिंथेसायझरची, अर्धी खुद्द बर्टच्या तोंडची.

ही पद्धत आज आमच्या धंद्याचा पाया आहे. ज्या मुलाने ‘स्टार वॉर्स’ पाहिला नाही तोही इफेक्ट्सच्या टेबलावर बसला की तसंच काम करतो. एका पौराणिक मालिकेसाठी मला राक्षसाचा श्वास हवा होता. तयार लायब्ररीत गुरगुरण्याचे शेकडो आवाज असतात, पण ते सगळ्यांनी वापरून गुळगुळीत झालेले. मी कळव्याकडच्या एका तबेल्यात पहाटे धारेच्या वेळी म्हशींच्या नाकासमोर माइक धरून बसलो. तो आवाज निम्म्या वेगाने चालवला, आणि त्याच्या शेवटाला खोपट डेपोत एसटी थांबताना ब्रेकमधून सुटते ती हवा जोडली. निर्मात्याला वाटलं बाहेरून विकत आणला. चिखलातून काही ओढून काढल्याचा आवाज हवा असेल तर खाडीकाठच्या गाळासारखा गाळ नाही. गमबूट घाला आणि ओहोटीला जा, एवढंच.

या आवाजांची आणखी एक गंमत. सिनेमा डब होतो तेव्हा संवाद तेवढे बदलतात. संगीत आणि इफेक्ट्सचा ट्रॅक, ज्याला आम्ही एमअँडई म्हणतो, तो जसाच्या तसा जातो. हिंदीत बघा नाहीतर तमिळमध्ये, हत्ती तोच. म्हणून मी म्हणतो की गोष्ट विमानतळावर अडली तरी आवाज पुढे आला.

शांततेचंही असंच. 2002 च्या भागात अंतराळात एक स्फोट होतो. आधी सगळा आवाज क्षणभर पूर्ण बंद, मग तो विचित्र तंतुवाद्यासारखा दणका. 2017 च्या भागात एक जहाज दुसऱ्या जहाजातून आरपार जातं तेव्हा कित्येक सेकंद काहीच ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या एका थिएटर साखळीला दारावर सूचना लावावी लागली की हा बिघाड नाही, दिग्दर्शकाची इच्छा आहे. मी एका मराठी सिनेमाच्या मिक्समध्ये अपघाताच्या आधी दीड सेकंद सगळे ट्रॅक बंद केले होते. निर्माते मागच्या सोफ्यावरून उठून आले, ‘आवाज गेला का हो?’ समजावलं, पटलं असं म्हणाले, आणि प्रिंट निघाली तेव्हा तिथे बासरी होती. अंतराळात हवा नाही मग आवाज कसा, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा आमच्या निर्मात्यांना भेटावं.

थिएटरच्या आवाजाचं श्रेय मात्र मी या मालिकेला सरसकट देणार नाही. आपल्याकडे 1975 च्या ‘शोले’ने 70 एमएमवर स्टिरिओफोनिक आवाज आधीच ऐकवला होता. पण 35 एमएमच्या साध्या प्रिंटवर चार चॅनल बसवणारी डॉल्बी स्टिरिओ पद्धत जगभरच्या थिएटरवाल्यांनी पैसे खर्चून घ्यावी, हे ‘स्टार वॉर्स’च्या गल्ल्याने घडवलं. 1983 च्या भागासोबत लुकासच्या कंपनीने टीएचएक्स नावाचे मापदंड आणले. त्यात थिएटरच्या भिंती, स्पीकर, एसीची घरघर या सगळ्याला नियम लावले. मिक्सिंग स्टुडिओत ऐकलं तेच ठाण्याच्या मॉलमध्ये ऐकू यावं ही अपेक्षा तिथून रुजली. येतं का ते विचारू नका.

रीळ जाऊन हार्ड डिस्क येण्यातही या मालिकेचा हात आहे. 1999 चा भाग अमेरिकेत चार पडद्यांवर फिल्मशिवाय, डिजिटल प्रोजेक्टरवर दाखवून बघितला आणि 2002 चा भाग तर पूर्ण डिजिटल कॅमेऱ्यावर काढला. आपल्याकडे पुढे यूएफओ, क्यूब यांसारख्या कंपन्यांनी स्वस्तातली डिजिटल वाट काढली. ती हॉलिवूडच्या मापदंडापेक्षा कमी दर्जाची होती, पण आपल्या परिस्थितीला चालणारी. मराठी सिनेमाला याचा मोठा फायदा झाला. प्रिंट काढायला पैसे नाहीत म्हणून जो सिनेमा आधी मुंबई-पुण्यात आणि मग महिन्यांनी तालुक्याला जायचा, तो एकाच शुक्रवारी सगळीकडे लागू लागला. यात लुकासचा थेट काही संबंध नाही. त्याने दाखवलं की हे होऊ शकतं, बाकी काम आपल्या माणसांनी केलं.

चित्राच्या बाजूने तर धागा अगदी घरापर्यंत येतो. पहिल्या सिनेमासाठी लुकासने 1975 मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक, म्हणजे आयएलएम, ही स्वतःची इफेक्ट्स कंपनी काढली, कारण त्याला हवं ते करून देणारं कुणी नव्हतं. लुकासच्या कंपनीतला संगणक विभाग 1986 मध्ये वेगळा झाला, तो पिक्सार. आयएलएममध्ये काम करणाऱ्या जॉन नोलने आपल्या भावाबरोबर, थॉमस नोलबरोबर, एक फोटो सुधारायचा प्रोग्राम वाढवला, तो फोटोशॉप. गोखले रोडवर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो त्यात भाऊंचा फोटो फोटोशॉपमध्ये कापलेला असतो आणि मजकूर कोरलड्रॉमध्ये बसवलेला. पहिल्या अर्ध्याचं मूळ अशा रीतीने आयएलएमच्या दारापाशी जातं. सांस्कृतिक प्रभाव म्हणतात तो हाच, फक्त कुणी अग्रलेख लिहीत नाही.

आणि मग रोटोची पोरं. तुमच्या ऐरोलीत, कळव्यात, दिव्यात, घणसोलीत अशी मुलं नक्की सापडतील. पात्राच्या भोवती रेघ काढून त्याला पार्श्वभूमीपासून सुटं करायचं, म्हणजे रोटो. सेकंदाला 24 फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट असेल तर 120 फ्रेम, आणि नायिकेचे केस वाऱ्यावर उडत असतील तर त्या दिवसाची वाट लागली. मग पेंट, म्हणजे दोऱ्या आणि पट्टे पुसायचे. मग मॅचमूव्ह, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवायची. ही मुलं कॉलेज सोडून किंवा करता करता ॲनिमेशनचा कोर्स करतात, रात्रपाळीला जातात आणि हॉलिवूडच्या सिनेमांच्या शेवटी, लोक उठून पार्किंगकडे पळत असताना, त्यांची नावं बारीक अक्षरात वर सरकतात. काही वेळा तीही नाही. 2022 मध्ये आयएलएमने स्वतःच मुंबईत स्टुडिओ काढला. म्हणजे आईवडिलांनी जी मालिका कधी पाहिली नाही, तिच्या कारखान्यात इथल्या मुलाला आता थेट नोकरी लागू शकते. याची दुसरी बाजूही आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या लेखक आणि नटांचा संप झाला, तिकडे शूटिंग थांबलं आणि इकडे या मुलांचं काम आटलं. घराचे हप्ते मात्र चालू होते.

तोट्याचं थोडक्यात. लुकासने खेळण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि सिनेमापेक्षा वस्तू विकण्यात जास्त पैसा आहे हे सगळ्यांना कळलं. 1977 च्या नाताळला खेळणी तयार नव्हती, तर केनर कंपनीने ‘नंतर मिळतील’ असं प्रमाणपत्र घातलेलं पाकीट विकलं, आणि लोकांनी घेतलं! ज्या मॅटेलने हे हक्क नाकारले होते तिने मग ‘ही-मॅन’ काढला, आणि त्याचं कार्टून आमच्या लहानपणी दूरदर्शनवर आलं. म्हणजे ‘स्टार वॉर्स’ न बघताच आम्ही त्याच्या बाजारात शिरलो होतो. मोठ्या मालिकांनी पडदे अडवायचे आणि मराठी सिनेमाला दुपारी बाराचा शो मिळायचा, हेही त्याच अर्थकारणाचं टोक. 2015 मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमसाठी नियम करावा लागला. तक्रार आजही संपलेली नाही.

आता मुलाचं. 1977 चा भाग आधी, मग 1980, मग 1983. पडद्यावर त्यांच्यावर चौथा, पाचवा, सहावा असे आकडे दिसतील, त्याने गोंधळू नका. पहिल्या सिनेमाला तो आकडा आणि उपशीर्षक 1981 मध्ये चिकटवलं. 1999 पासूनचे भाग नंतर, कारण 1980 च्या भागातलं मोठं रहस्य ते आधीच फोडून टाकतात. माझं मत विचाराल तर पहिले दोन अव्वल, तिसरा बरा, आणि नंतरच्या बऱ्याच भागांत आवाज इतका भरगच्च आहे की एकही लक्षात राहत नाही. मोबाइलवर दाखवू नका. टीव्हीचा स्पीकर फुसका असेल तर बरे हेडफोन द्या. पोशाख विकत घेण्याची घाई करू नका.

त्यापेक्षा हे करा. त्या सिनेमातल्या बंदुकीचा ‘प्यूऽऽ’ असा आवाज बर्टने पेनसिल्व्हेनियात फिरायला गेला असताना पकडला. रेडिओच्या मनोऱ्याला आधार देणारी ताणलेली तार होती, तिच्यावर हातोडी मारली आणि तारेला माइक लावला. जाड तारेत बारीक स्वर वेगाने धावतात आणि ढाले, म्हणजे खालचे, मागे राहतात, म्हणून ठोका एकच असला तरी कानावर तो वरून खाली घसरत येतो. रस्त्यावरच्या विजेच्या खांबाच्या ताणतारेशी हा प्रयोग अजिबात करू देऊ नका. जिन्यावरून उतरणारी लोखंडी स्प्रिंग मिळते खेळण्यांच्या दुकानात, ती आणा. प्लॅस्टिकची नको, तिच्यात मजा येत नाही. तिच्या एका टोकाला कागदी पेला अडकवा, पेला धरून स्प्रिंग खाली लोंबू द्या आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीने टिचकी मारा. पेल्याजवळ फोन धरून रेकॉर्ड करा. मग मुलाला म्हणावं, तुझ्या बंदुकीचा वेगळा आवाज शोधून दाखव. पेला बदलून बघेल, स्टीलचा डबा लावेल, घरात दोन दिवस कटकट होईल.